संगणकाला वायफाय पुरत नाही: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीची आहेत. घरात इंटरनेट चांगले आहे, राउटरजवळ मोबाइल व्यवस्थित चालतो, पण कोपऱ्यातल्या खोलीतल्या संगणकावर वायफाय रडतखडत येतो. तेव्हा ‘मोठा अँटेना’ कोणता घ्यावा, असे सगळ्यांनी विचारले आहे. त्यांतली चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या उत्तराला जागा अधिक दिली आहे, कारण त्यातला बराचसा भाग इतरांनाही लागू पडतो.

प्रश्न : आमचे घर संगमेश्वर तालुक्यात आहे. जुने, जांभ्याच्या चिऱ्यांचे, दीड फूट जाडीच्या भिंतींचे. फायबरची जोडणी पडवीत आल्यामुळे राउटर तेथेच बसवला आहे आणि मुलीचा संगणक माजघराच्या मागच्या खोलीत आहे. संगणकाच्या मागच्या बाजूला नखाएवढे वायफायचे डोंगल लावले आहे आणि त्याच्या शेजारच्या निळ्या पोर्टात हार्ड डिस्क असते. व्हिडिओवरचा वर्ग सारखा अडकतो. बाजारात नऊ डीबीआयचा अँटेना मिळतो, तो घ्यावा का? (एक वाचक, जिल्हा रत्नागिरी)

उत्तर : आपण खरेदी करण्याआधी पत्र लिहिलेत, हे फार बरे झाले. अँटेना घेण्यापूर्वी आज आपल्याला नेमके किती मिळते आहे ते मोजून घ्यावे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत (netsh wlan show interfaces) द्यावी. विंडोज 11 च्या अलीकडच्या आवृत्तीत यासाठी लोकेशनची परवानगी चालू असावी लागते. समोर येणाऱ्या यादीत ‘सिग्नल’ या ओळीत टक्केवारी दिसते. तिची निम्मी करून तीतून 100 वजा केले की डीबीएम या सिग्नलच्या शक्तीच्या मापातला अंदाज मिळतो (आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला): 38 टक्के म्हणजे उणे 81 डीबीएम, 60 टक्के म्हणजे उणे 70. व्हिडिओवरचा वर्ग न अडकता चालायचा असेल तर उणे 67 च्या आसपास किंवा त्याहून चांगला आकडा हवा. उणे 80 च्या खाली गेल्यावर जोडणी नावापुरतीच उरते. या मापात तीन डेसिबलची वाढ म्हणजे शक्ती दुप्पट आणि दहाची वाढ म्हणजे दहापट, त्यामुळे पाच-सात डेसिबलही हातचे घालवू नयेत.

आपण हेच आकडे नंतरच्या पत्रातून कळवलेत आणि त्यांनीच अर्धे उत्तर दिले आहे. डोंगल संगणकाच्या मागे असताना 38 टक्के. तेच डोंगल तीन मीटरच्या यूएसबी एक्स्टेंशनला लावून टेबलावर समोर ठेवल्यावर 46 टक्के. आणि माजघराच्या दाराच्या चौकटीवर, वरच्या फळीला दोरीने बांधल्यावर 60 टक्के. म्हणजे उणे 81 वरून आपण उणे 70 वर आलात. दोनशे-तीनशे रुपयांच्या वायरीने शक्ती दहापटीहून जास्त वाढली आणि नवा अँटेना अजून घेतलेलाही नाही.

असे का झाले ते सांगतो. संगणकाची पेटी पत्र्याची असते आणि तिच्या मागे भिंत असते. या दोहोंच्या मधल्या चार बोटांच्या फटीत आपले डोंगल बसले होते, त्यामुळे पडवीकडून येणारी लहर पत्र्यावर आपटून परत जात होती. शिवाय या डोंगलांमधला अँटेना म्हणजे सर्किटच्या पट्टीवर छापलेली तांब्याची एक वळणदार रेघ असते. त्या अँटेनात दोष नाही, पण त्याला भोवती मोकळी जागा हवी असते, आणि आपण ती आता दिलीत. जांभ्याच्या दोन भिंती पार करून येणाऱ्या लहरीपेक्षा उघड्या दारातून येणारी लहर कितीतरी ताजी असते. म्हणून चौकट ही अशा घरातली सर्वांत चांगली जागा ठरते. चौकटीवरही डोंगल एका जागी कायमचे बांधण्याआधी पाच-सहा सेंटिमीटर इकडे-तिकडे सरकवून पाहावे. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते. भिंतींवरून परतणाऱ्या आणि थेट येणाऱ्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना बळ देतात आणि काही ठिकाणी मारतात, आणि या दोन जागांमध्ये वीतभरही अंतर नसते. सरकवल्यावर प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद थांबून मगच आकडा वाचावा, कारण तो लगेच बदलत नाही.

हार्ड डिस्कचा मुद्दा वेगळा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. निळे पोर्ट म्हणजे सहसा यूएसबी 3. त्याच्यावरून माहिती जाताना वायरीतून आणि जोडाच्या तोंडातून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेल कंपनीने 2012 साली एका तांत्रिक टिपणात हे मोजून दाखवले होते. शेजारी असा गोंगाट असला की सिग्नलची टक्केवारी तितकीच दिसते, पण प्रत्यक्ष वेग कोसळतो, आणि माणूस अँटेनाला दोष देत बसतो. म्हणून मोजताना त्याच यादीतला ‘रिसीव्ह रेट’ही वाचावा. डोंगल काळ्या, म्हणजे यूएसबी 2 च्या पोर्टात लावावे आणि डिस्कपासून हातभर तरी दूर न्यावे. एक्स्टेंशनने हे काम आपोआप होते. साधी यूएसबी 2 ची वायर पाच मीटरपर्यंत विश्वासाने चालते, त्यापुढे नाही.

आता नऊ डीबीआयविषयी. अँटेना शक्ती निर्माण करत नाही. विहिरीचे पाणी तेवढेच असते. बारे देताना सगळे पाणी एकाच वाफ्यात सोडले की तो वाफा तुडुंब भरतो आणि बाकीचे कोरडे राहतात. डीबीआयचा आकडा सांगतो तो एवढाच, की पाणी किती अरुंद वाफ्यात सोडले आहे. साध्या उभ्या काडीसारख्या अँटेनाचा आकडा दोनच्या आसपास असतो. नऊ डीबीआयची लांब काडी तीच शक्ती चहूबाजूंना, पण आडव्या पातळ थरात पसरवते. तिच्या वरच्या आणि खालच्या भागाला फारसे काही मिळत नाही. आपली पडवी आणि मागची खोली एकाच जोत्यावर असतील तर तिचा फायदा होईल. संगणक माडीवर असता तर हीच काडी पाच डीबीआयच्या काडीपेक्षा वाईट निघाली असती.

शिवाय बोलणे दोन्ही बाजूंचे असते. राउटरने कितीही मोठ्याने हाक मारली तरी संगणकाची ओ त्याला ऐकू गेली पाहिजे, नाहीतर माहितीचे प्रत्येक पाकीट पुन्हा पुन्हा पाठवावे लागते. राउटरची शक्ती वाढवण्याच्या उपायांनी फक्त एकच बाजू सुधारते. चांगल्या जागी लावलेला चांगला अँटेना मात्र ऐकतानाही आणि बोलतानाही सारखाच उपयोगी पडतो. अँटेना संगणकाच्या बाजूला सुधारावा, असा माझा आग्रह असतो तो याच कारणाने.

तेव्हा उणे 70 वर वर्ग नीट चालला तर काहीही घेऊ नका. अडकलाच, तर दोन सुटे अँटेना असलेला, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांवर चालणारा यूएसबी अॅडॉप्टर घ्यावा. तो साधारण दीड ते तीन हजार रुपयांत मिळतो. तोही याच चौकटीवर, याच वायरीने लावावा. अॅडॉप्टर पेटीपाशी ठेवून अँटेनाचीच बारीक काळी वायर लांबवण्याचा मोह टाळावा, कारण त्या वायरीत मीटरमागे दोन डेसिबलच्या आसपास शक्ती जिरते आणि तीन मीटरमध्ये विकत घेतलेली सगळी वाढ संपते. यूएसबीच्या वायरीतून लहर जात नाही, आकडे जातात, त्यामुळे तेथे हा तोटा नाही.

एक गोष्ट कोकणापुरती. जांभा सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. पाणी या लहरी शोषते. मे महिन्यात जेमतेम चालणारी जोडणी जुलैत बंद पडली तर नवल मानू नये. उन्हाळ्यातच पाच-सात डेसिबल हाताशी राखून ठेवावेत. आणि संगणक जागचा हलणारा नसेल, मुलीचे शिक्षण त्यावर अवलंबून असेल, तर चौकटीच्या वरून, भिंतीला छिद्र न पाडता, पडवीपासून लॅनची केबल ओढून घ्यावी. ती 100 मीटरपर्यंत चालते आणि तिला पावसाळा नाही.

प्रश्न : नवीन संगणक सुटे भाग आणून जोडून घेतला. मदरबोर्डमध्येच वायफाय आहे, तोही नव्या पिढीचा. राउटर शेजारच्या खोलीत असूनही सिग्नलची एकच काडी दिसते. बोर्ड खराब असेल का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : बहुधा नाही. संगणक फिरवून मागे पाहा. यूएसबीच्या पोर्टांजवळ पितळी रंगाचे, आटे पाडलेले दोन छोटे खुंट दिसतील. ते उघडे असतील तर आपल्या संगणकाला अँटेनाच नाही. तो मदरबोर्डच्या खोक्यात, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून असतो. माझ्या एका नातेवाइकांकडे ते खोके माळ्यावरून काढले, तेव्हा पिशवीची चिकटपट्टीही निघालेली नव्हती आणि तोवर तीन महिने ते इंटरनेट कंपनीकडे तक्रारी करत होते. अँटेनाशिवायही एकाच खोलीत थोडाफार सिग्नल येतो, त्यामुळे ही चूक लवकर उघडकीला येत नाही. जोडणाऱ्याने हे सांगायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

दोन्ही खुंटांना अँटेना लावावेत. एकच लावून काम निम्म्यावर आणू नये. बोटांनी घट्ट होईल एवढेच फिरवावे, पक्कड वापरू नये. पिशवी हरवली असेल तर नवे अँटेना घेताना ‘आरपी-एसएमए’ हे नाव सांगावे. संगणकाच्या खुंटाच्या मध्यभागी टाचणीसारखी पिन असते आणि अँटेनाच्या आत तिच्यासाठी छिद्र असते. नुसत्या ‘एसएमए’ जातीच्या अँटेनात उलटी रचना असते: त्यातही पिनच असते, त्यामुळे पिनेवर पिन येऊन वाकते. पेटी टेबलाखाली असेल तर लोहचुंबकाच्या बैठकीचा, मीटरभर वायरीचा जोड घेऊन तो टेबलावर ठेवावा. येथे दोनेक डेसिबल वायरीत जातील, पण पत्रा आणि भिंत यांच्या सापटीतून बाहेर आल्याने त्याहून बरेच जास्त मिळतील.

प्रश्न : माझा लॅपटॉप आठ वर्षांचा आहे. आम्ही सोसायटीत राहतो. राउटर त्याच खोलीत आहे, सिग्नल 84 टक्के दाखवतो, तरी संध्याकाळी काहीही उघडत नाही. सकाळी सहा वाजता सगळे सुरळीत असते. बाहेरचा अँटेना लावता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लावता येईल, पण उपयोग होणार नाही. 84 टक्के म्हणजे उणे 58 डीबीएम. एवढा सिग्नल भरपूर झाला. आपली अडचण गर्दीची आहे. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात 13 चॅनेल दिसतात, पण ते एकमेकांवर पसरलेले असतात आणि एकमेकांना न शिवणारे तीनच निघतात: 1, 6 आणि 11. सोसायटीतले सगळे राउटर त्या तिघांत वाटले जातात आणि संध्याकाळी सगळे एकदम जागे होतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो. मोठा अँटेना लावलात तर आपल्या राउटरबरोबर शेजाऱ्यांचेही सगळे अधिक स्पष्ट ऐकू येईल.

आपला लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झचा पट्टा ओळखतच नसावा. त्या पट्ट्याची लहर भिंत फारशी ओलांडत नाही, आणि एकाच खोलीत राहणाऱ्या आपल्यासाठी तोच त्याचा गुण आहे, कारण शेजाऱ्यांची लहरही आपल्यापर्यंत येत नाही. दोन्ही पट्ट्यांचे छोटे यूएसबी डोंगल येथे पुरेसे आहे. बाहेरच्या अँटेनाच्या काड्यांची गरज नाही. फक्त आपला राउटरही 5 गिगाहर्ट्झचा असल्याची खात्री आधी करावी. खोक्यावर ‘150 एमबीपीएस’ असे लिहिलेले डोंगल घेऊ नये, तो जुन्या एकाच पट्ट्याचा माल असतो.

लॅपटॉप उघडण्याची सवय असलेला कारागीर ओळखीचा असेल, तर आतले कार्ड बदलणे त्याहून चांगले. पडद्याच्या झाकणातून दोन बारीक वायरी येऊन कार्डावरच्या मोहरीएवढ्या दोन बटणांवर बसलेल्या असतात. त्या सरळ वर उचलून काढायच्या आणि सरळ दाबूनच बसवायच्या. तिरक्या ओढल्या तर तुटतात. इंटेलचे एएक्स 210 हे कार्ड एम-डॉट-टू जातीच्या खाचेत, इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरांवर चालते. त्याच्याच नावासारखी एएक्स 201 आणि एएक्स 211 ही कार्डे मात्र ठरावीक इंटेल प्रोसेसरांवरच चालतात, त्यामुळे दुकानात आकडा नीट वाचून घ्यावा. काही लॅपटॉपांत कार्ड डाख देऊन पक्के केलेले असते, तेथे यूएसबीशिवाय पर्याय नाही.

प्रश्न : घरापासून 60 मीटरवर आमची कुक्कुटपालनाची पत्र्याची शेड आहे. तेथे हिशेबाचा संगणक आहे. मध्ये मोकळे अंगण आहे, दोन आंबे आहेत. संगणकावर 32 टक्के सिग्नल येतो आणि जातो. पिठाच्या चाळणीत डोंगल ठेवण्याची युक्ती ऐकली. ती खरी आहे का? मोठा अँटेना छपरावर लावायला परवाना लागतो का? (एक वाचक, फलटण)

उत्तर : आधी हिशेब करू. 60 मीटरच्या मोकळ्या हवेत 2.4 गिगाहर्ट्झची लहर सुमारे 76 डेसिबलने क्षीण होते. राउटर 20 डीबीएमने बोलत असेल तर मोकळ्यावर उणे 56 च्या आसपास मिळायला हवे. आपल्याला 32 टक्के, म्हणजे उणे 84 मिळते. मधले 28 डेसिबल घराची भिंत, आंब्याची पाने आणि मुख्यतः शेडचा पत्रा खातो. तेव्हा अंतर हा आपला शत्रूच नाही. डोंगल वायरीने शेडच्या बाहेर, वळचणीखाली, घराच्या दिशेला आणा आणि राउटर घरात त्याच बाजूच्या खिडकीत ठेवा. त्या खिडकीला डासांची जाळी धातूची असेल तर ती उघडी ठेवावी किंवा तेवढ्या भागात नायलॉनची लावावी. लोखंडी गजांच्या फटीतून लहर बरीचशी निघून जाते, पण मिलिमीटरभर भोकांची स्टीलची जाळी तिला पत्र्यासारखीच अडवते.

चाळणीची युक्ती खरी आहे आणि तिचे कारणही हेच: बारीक भोकांची धातूची चाळण या लहरीला अखंड आरशासारखी वाटते. मात्र तळ सपाट असलेली पिठाची चाळण घेऊ नये. वाटीसारखी गोलाकार खोलगट गाळणी किंवा कढई हवी. डोंगल कोठे धरायचे, याचाही हिशेब आहे: तोंडाच्या व्यासाचा वर्ग करून त्याला खोलीच्या 16 पटीने भागावे. व्यास 30 सेंटिमीटर आणि खोली साडेसात असेल तर उत्तर साडेसात येते, म्हणजे डोंगल तळापासून साडेसात सेंटिमीटरवर, बरोबर काठाच्या पातळीत, मध्यभागी असावे. आकार अगदी नेमका नसल्यामुळे तेथून बोटभर पुढे-मागे सरकवून पाहावे. अशा वाटीला दिशा सांभाळावी लागते. ती घराकडेच रोखलेली राहील अशी पक्की बांधा.

परवान्याविषयी: 2005 च्या नियमांनुसार 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक वॅटपर्यंतचे प्रक्षेपण आणि अँटेनाची वाढ धरून चार वॅटपर्यंतची परिणामी शक्ती परवान्याविना वापरता येते. घरगुती अॅडॉप्टर वाटीसह या मर्यादेच्या बऱ्याच आत राहतो. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यालाही 2018 पासून अशीच मोकळीक आहे, पण त्यातल्या वेगवेगळ्या भागांच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत. ‘बूस्टर’ म्हणून विकले जाणारे, शक्ती वाढवणारे यंत्र मध्ये घालू नये. त्याने मर्यादा ओलांडली जाऊ शकते आणि शेजाऱ्यांच्या जोडण्याही बिघडतात.

कायमची सोय करायची असेल, तर घर आणि शेड यांवर समोरासमोर रोखलेली, बाहेर लावण्याची दोन यंत्रे मिळतात, ती घ्यावीत. 60 मीटर हे अंतर त्यांना किरकोळ आहे. जमिनीतून चर खणून जोडायचे ठरवलेत तर तांब्याच्या लॅन केबलऐवजी फायबर टाका, कारण दोन इमारतींमधल्या तांब्याच्या वायरीतून विजेचा लोळ थेट संगणकापर्यंत येतो. वळचणीखाली डोंगल राहणार असेल तर ते वरून झाकलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, डब्याला खालून छिद्र ठेवा, आणि वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आले की संगणकाकडून त्याची वायर काढून ठेवा.